फॉलोअर्स अकरा हजार, ऑर्डर चार



मागच्या काही व्हिडिओंच्या खाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, फॉलोअर्स वाढवायचा एखादा झटपट उपाय सांगा ना." कार्यशाळेतही तेच. मसाले करणारी ताई असो, कुर्ते शिवणारी असो, नाहीतर गावाकडे गूळ-काकवीचा धंदा सुरू केलेला मुलगा असो, फोन पुढे करतात आणि आकडा दाखवतात. आकडा लहान असला की आवाजही लहान होतो. "अजून साडेसहाशेच आहेत सर," असं अपराध्यासारखं सांगतात. म्हणून आज व्हिडिओत जे घाईघाईत बोललो, ते इथे नीट लिहितो.

माझं मत सरळ आहे. तुम्ही वस्तू विकत असाल, आणि त्यातही घरगुती किंवा छोट्या प्रमाणावर विकत असाल, तर फॉलोअर्सचा आकडा हा तुमच्या कामाचा आकडा नाहीच. तो बघू नका असं म्हणत नाही. पण त्याच्यामागे वेळ, पैसा आणि झोप घालवू नका. त्याऐवजी बघायचं ते हे, की जी माणसं आहेत ती तुमच्याशी बोलतायत का, विचारतायत का, परत येतायत का.

दोन पानं डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पानावर ११ हजार फॉलोअर्स. पोस्टला ३८ लाइक, त्यातले निम्मे माहेर-सासरचे. कॉमेंट म्हणजे हात जोडलेले इमोजी आणि "मस्त ताई". महिन्याच्या ऑर्डर चार. दुसऱ्या पानावर ६४० फॉलोअर्स. पोस्टला ७० लाइक, १८ कॉमेंट, त्यात नऊ जण विचारतात की पाव किलोचं पॅकेट मिळेल का, पिंपरीत पोचवता का, मागच्यापेक्षा तिखट कमी करून द्याल का. कोणतं पान हवं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरीही कार्यशाळेत बसलेले सगळे पहिल्याच पानाकडे हेव्याने बघतात, आणि दुसऱ्या पानाची मालकीण स्वतःला कमी समजते. मला खरी काळजी याची वाटते. चांगला चाललेला धंदा "माझ्याच्याने हे सोशल मीडिया जमत नाही" म्हणून बंद करणारी माणसं आहेत. माल खपत होता, गिऱ्हाईक खूश होतं, फक्त आकडा छोटा होता.

हा आकडा डोक्यात बसला कुठून?

याला थोडा इतिहास आहे. बऱ्याच जणांना आठवत असेल, इन्स्टाग्रामवर पूर्वी स्टोरीत लिंक टाकायची असेल तर साधारण दहा हजार फॉलोअर्स लागायचे, नाहीतर व्हेरिफाइड खातं. त्यामुळे "टेन के" हा शब्द लग्नाच्या तारखेसारखा सगळ्यांच्या तोंडी झाला. दहा हजार झाले की केक कापायचा. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये इन्स्टाग्रामने लिंकचं स्टिकर सगळ्यांना खुलं केलं. म्हणजे ज्या कारणासाठी दहा हजारांची धडपड होती, ते कारणच गेलं. केक मात्र अजून कापले जातायत.

दुसरं म्हणजे, आपण समजतो की फॉलोअर म्हणजे आपली पोस्ट बघणारा माणूस. तसं नसतं. फेसबुकने स्वतः २०१२ साली सांगितलं होतं की पानावरची एखादी पोस्ट सरासरी १६ टक्के फॉलोअर्सपर्यंतच पोचते. म्हणजे शंभरातले सोळा. ही २०१२ची गोष्ट, जेव्हा गर्दी आजच्यापेक्षा कितीतरी कमी होती. नंतर ही पोच आणखी आटत गेली, हे पानं चालवणारा कोणीही सांगेल. २०१८च्या जानेवारीत फेसबुकने जाहीरच केलं की धंद्याच्या आणि ब्रँडच्या पोस्टपेक्षा माणसांमाणसांत संवाद घडवणाऱ्या पोस्ट आम्ही जास्त दाखवणार. आणि इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी हे तर उघड सांगत असतात की पोस्ट किती पुढे न्यायची हे ठरवताना लोक ती किती वेळ बघतात, किती लाइक करतात आणि किती जणांना पाठवतात या गोष्टी फार मोठ्या असतात.

यातून काय कळतं? तुमच्याकडे किती नावं जमा आहेत, याची यंत्राला फारशी फिकीर नाही. समोर दाखवल्यावर माणसं थांबतात का, हे ते बघतं. थांबली तर आणखी जणांना दाखवतं, नाही थांबली तर पोस्ट तिथेच बसते. आता विचार करा, अकरा हजारांतले दहा हजार असे असतील की ज्यांना तुमच्या मसाल्याशी काही देणंघेणं नाही, तर तुमची पोस्ट आधी कोणापुढे जाणार? त्यांच्याच पुढे. ते अंगठा वर सरकवून निघून जाणार. मोठा आकडा इथे उपयोगाचा तर नाहीच, उलट अडथळा होतो.

विकतची गर्दी

हे वाचून कोणी म्हणेल, ठीक आहे सर, पण सुरुवातीला दुकान भरलेलं दिसावं म्हणून हजार-दोन हजार विकत घेतले तर काय बिघडलं? घेतात लोक. काही शे रुपयांत मिळतात, पानावर मेसेजही येतात, "१०० टक्के रिअल, इंडियन". घेऊ नका. इन्स्टाग्रामच्या नियमात ते बसत नाही, ही एक गोष्ट. २०१४च्या डिसेंबरमध्ये त्यांनी पहिल्यांदा मोठी साफसफाई केली तेव्हा नामांकित खात्यांचे लाखो फॉलोअर्स एका फटक्यात गेले होते. २०१८च्या जुलैमध्ये ट्विटरनेही तेच केलं. तेव्हापासून हे अधूनमधून चालूच असतं. तुमचे हजार कधी शून्य होतील, सांगता येत नाही.

आणि हे प्रकरण केवळ नियमापुरतं नाही. २०१८ साली न्यूयॉर्क टाइम्सने देवुमी नावाच्या कंपनीचा धंदा उघडकीला आणला. ती बनावट फॉलोअर्स विकायची, आणि त्यातली कितीतरी खाती खऱ्या माणसांचे फोटो-नावं चोरून बनवलेली होती. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली. लांब कशाला जाता, आपल्या मुंबईत २०२० साली पोलिसांच्या गुन्हे शाखेने बनावट फॉलोअर्स आणि लाइक विकणाऱ्यांच्या मागे तपास लावला, अटकही झाली. तेव्हा "सगळेच करतात" म्हणून आपण पण, असं करू नका.

याचाच एक गरीब भाऊ आहे, ज्याला पैसे लागत नाहीत म्हणून आपण त्याला वाईट म्हणत नाही. "फॉलो टू फॉलो". उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये रोज सकाळी लिंक पडतात. "सगळ्या भगिनींनी एकमेकींची पानं फॉलो करा, लाइक करा, स्क्रीनशॉट टाका." मी हे ग्रुप बघितलेत. हेतू चांगला असतो, एकमेकींना आधार असतो. पण बघा तरी काय होतं. दोनशे जणी, कोणी साड्या विकते, कोणी लोणची, कोणी इमिटेशन ज्वेलरी. सगळ्या एकमेकींना फॉलो करतात. सगळ्या विकणाऱ्या, घेणारी कोणीच नाही. यंत्राला वाटतं की तुमचं गिऱ्हाईक म्हणजे साडी विकणाऱ्या बायका, आणि ते तुमची लोणची आणखी साडीवाल्यांनाच दाखवत सुटतं.

गिव्हअवेचं तसंच. "पान फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, जिंका हॅम्पर." आठवडाभर आकडा फुगतो. निकाल लागला की बक्षिसासाठी आलेले निघून जातात किंवा, त्याहून वाईट, तसेच पडून राहतात. आणि टॅग करा, शेअर करा असं आमिष दाखवणाऱ्या पोस्ट खाली ढकलणार, असं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच सांगून ठेवलंय. गिव्हअवे करायचाच असेल तर जुन्या गिऱ्हाइकांत करा. ज्यांनी वर्षभरात दोनदा घेतलं त्यांच्या चिठ्ठ्या टाका. आकडा वाढणार नाही, पण त्या घरांत तुमचं नाव निघेल.

एंगेजमेंट म्हणजे लाइक नव्हे

आता इथे एक खड्डा आहे, त्यात पडू नका. फॉलोअर्स सोडले आणि लाइक मोजायला लागले, तर काय फरक पडला? एक वेड गेलं, दुसरं आलं.

आठवडी बाजारात बसणारी भाजीवाली आठवा. समोरून सकाळपासून हजार माणसं जातात. ती काय हजार मोजत बसत नाही. तिची नजर असते पाय कोणाचे मंदावले त्याच्यावर. मग कोण वाकलं, कोणी मेथीची जुडी उचलून देठ बघितले, कोणी "कशी दिली?" विचारलं. विचारलं की ती बोलायला लागते. आणि जे न विचारताच पिशवी पुढे करतात, ते तिचे कायमचे. त्यांना ती कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते. हेच सगळं तुमच्या पानावर घडत असतं. फक्त वाकणारं माणूस दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात.

लाइक म्हणजे जाता जाता नजर टाकणं. इमोजीही साधारण तेच. सेव्ह केलं म्हणजे जुडी उचलून बघितली. नंतर घ्यायचं मनात आहे. पोस्ट कोणाला तरी पाठवली म्हणजे शेजारणीला हाक मारली, "अगं, हे बघ." ही खूण माझ्या मते सगळ्यात मोलाची, कारण माणूस आपलं नाव मध्ये घालून दुसऱ्याला सांगतो. प्रश्न विचारणं म्हणजे भाव केला. आणि गिऱ्हाइकाने स्वतः फोटो काढून पाठवला, की तुमच्या मसाल्याची आमटी अशी झाली, किंवा तुम्ही शिवलेला कुर्ता घालून ऑफिसला गेले, तर त्याला मोलच नाही. तो फोटो अंधुक असला, मागे ओट्यावरचा पसारा दिसत असला तरी परवानगी घेऊन तसाच लावा. स्टुडिओतल्या फोटोपेक्षा तो जास्त माल विकतो.

इन्स्टाग्रामवर तुमचं खातं प्रोफेशनल करून घेतलंत (फुकट आहे, सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम), की हे सगळं इनसाइट्समध्ये दिसतं. सेव्ह किती, शेअर किती, आणि बघणारे कोणत्या शहरांतले. ही शहरांची यादी तर जरूर बघा. ट्रेंडिंग गाण्यावर केलेला रील दोन लाख लोकांनी बघितला म्हणून पेढे वाटणारे खूप भेटतात. मी विचारतो, कुठले? यादी उघडली की पाटणा, इंदूर, ढाका. आणि या माणसाचा धंदा काय, तर सांगलीत केक पोचवणं. ढाक्याच्या माणसाला केक कसा पोचवणार?

"प्राइस इन डीएम" बंद करा

विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, कारण याचा मला मनापासून राग आहे. माणूस बाजारात वाकून विचारतोय "कशी दिली?" आणि भाजीवाली म्हणते, "दुकानामागे या, कानात सांगते." उभा राहील का तो? तरीही आपण पोस्टवर किंमत लिहीत नाही. कोणीतरी शिकवून ठेवलंय की किंमत लपवली की लोक कॉमेंट करतात, कॉमेंट वाढल्या की पोच वाढते. असेल वाढत. पण ती कॉमेंट म्हणजे नाइलाज आहे, आपुलकी नाही. किंमत विचारायला लाजणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत. महाग निघालं तर नाही कसं म्हणायचं, म्हणून ती विचारतच नाहीत. ती सगळी तुम्ही घालवता. किंमत लिहा, वजन लिहा, कुठपर्यंत पोचवता ते लिहा. मग जे प्रश्न येतील ते खरे गिऱ्हाइकाचे असतील, आणि त्यांना उत्तर द्यायला तुमच्याकडे वेळही असेल.

उत्तर द्यायचं म्हणजे "येस डिअर, चेक डीएम" असं नव्हे. आपल्या गल्लीतला वाणी कसा बोलतो? कोणाच्या घरी आंबेमोहोर जातो, कोणाकडे कोलम, त्याला तोंडपाठ असतं. "काकू, मागच्या वेळी तुम्ही तिखट कमी सांगितलं होतं, या वेळी बेडगी जास्त घातलीय" एवढं एक वाक्य तुम्ही लिहिलंत तर त्या काकू दुसऱ्या दुकानात जाणार नाहीत. हे वाक्य लाखभर फॉलोअर्स असलेली मोठी कंपनी लिहू शकत नाही. तुम्ही लिहू शकता, कारण तुम्ही छोटे आहात. ही ताकद सोडून आपण त्यांच्यासारखं मोठं दिसायच्या मागे लागतो.

गणित मांडून बघू

२००८ साली केव्हिन केली या अमेरिकन लेखकाने, वायर्ड मासिकाच्या संस्थापक संपादकांपैकी एक, एक लेख लिहिला होता. कलाकाराला पोट भरायला लाखो चाहते लागत नाहीत, एक हजार पक्के चाहते पुरतात. दर वर्षी प्रत्येकाने शंभर डॉलरचं काही घेतलं तर एक लाख डॉलर झाले. आपण हे गणित आपल्या घरातल्या मसाल्याला लावू.

समजा एक घर महिन्याला तुमच्याकडून पाव किलो गोडा मसाला २०० रुपयांना आणि शंभर रुपयांची शेंगदाण्याची चटणी घेतं. घरामागे ३०० रुपये. अशी १५० घरं पक्की असतील तर महिन्याची विक्री ४५ हजार, वर्षाची ५ लाख ४० हजार. त्यातल्या १०० घरांनी दिवाळीचा फराळ आणि उन्हाळ्यात कुरडया-पापड मिळून वर्षाला दीड हजाराचं घेतलं तर आणखी दीड लाख. एकूण ६ लाख ९० हजार. कच्चा माल, डंकावर कुटून आणायचा खर्च, पॅकिंग, पोचवणं हे सगळं जाऊन समजा एक तृतीयांश हातात राहिला, तर २ लाख ३० हजार. महिन्याला १९ हजारांच्या आसपास. घरातून, १५० घरांच्या जिवावर. तुमचे भाव वेगळे असतील, खर्च वेगळा असेल, तुमचे आकडे घालून मांडा. पण गणिताची जात तीच राहील.

आता उलटं करून बघा. १५० घरांना महिन्याला साडेसदतीस किलो मसाला लागतो. हा तुम्ही आणि एखादी मदतनीस मिळून करू शकता. समजा तुमचे ५० हजार फॉलोअर्स झाले आणि त्यातल्या एकाच टक्क्याने ऑर्डर दिली. ५०० ऑर्डर, सव्वाशे किलो. मिरची तेवढी आणायला भांडवल आहे? भाजायला कढई आहे? वाळवायला गच्ची आहे? पावसाळा असला तर? ऑर्डर उशिरा जाणार, घाईत भाजलेला मसाला कडवट होणार, आणि जी १५० घरं तुमची होती तीही जाणार. "रील व्हायरल झाला आणि धंदा बसला" हे वाक्य ऐकायला विचित्र वाटतं, पण होतं असं.

म्हणून माझा नवीन उद्योजकाला पहिला प्रश्न असतो, तुमचे हात महिन्याला किती घरं सांभाळू शकतात? तेवढा आकडा कागदावर लिहा. तोच तुमचा "टेन के".

"पण सर, तुम्हीच तर सबस्क्राइब करा म्हणता!"

म्हणतो ना. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी म्हणतो. या आक्षेपाला उत्तर द्यायलाच हवं.

व्हिडिओ हाच ज्याचा माल आहे, त्याचं गणित वेगळं. यूट्यूबवर लांब व्हिडिओंच्या जोरावर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास बघितलं गेलेलं असावं लागतं. ही अट २०१८ पासून आहे. तिथे आकडा हा दरवाजा आहे, तो ओलांडावाच लागतो. पण त्यातही बघा, नुसते हजार चालत नाहीत, चार हजार तासही लागतात. शिवाय यूट्यूबने २०१२ सालीच नुसत्या व्ह्यूजऐवजी माणूस किती वेळ बघतो याला महत्त्व द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे तिथेही शेवटी थांबणारा माणूसच मोजला जातो. तुम्हाला रेसिपी चॅनेल चालवून त्यावर कमवायचं असेल तर जरूर आकड्यांच्या मागे लागा. पण मसाला विकायचा असेल तर चॅनेलवाल्याची फूटपट्टी घेऊन मसाला मोजू नका.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नवीन माणूस पानावर येतो, दोनशे फॉलोअर्स बघतो, आणि त्याला वाटतं की हे खरं आहे की फसवणूक? पैसे आधी पाठवायचे, माल येईल की नाही? हे खरं आहे. ऑनलाइन फसवणूक इतकी वाढलीय की लोक घाबरणारच. पण विश्वास द्यायला फॉलोअर्सपेक्षा चांगली साधनं आहेत, आणि ती बहुतेक जण वापरत नाहीत. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयचा नंबर पॅकेटवर आणि पानावर दिसू द्या. गुगल मॅपवर तुमच्या व्यवसायाची फुकट नोंद होते, तिथे गिऱ्हाइकांना खरं काय वाटलं ते लिहायला सांगा. गावाचं नाव, फोन नंबर लिहा. स्वतःचा चेहरा दाखवा. हात पीठात भरलेले असताना काढलेला एक व्हिडिओ टाका. दोनशे फॉलोअर्स आणि चाळीस खऱ्या गिऱ्हाइकांचे अनुभव, हे पान बघून माणूस पैसे पाठवतो. वीस हजार फॉलोअर्स आणि पोस्टखाली शुकशुकाट, हे पान बघून उलट शंका येते. लोक आता हुशार झालेत.

एखाद्या इन्फ्लुएन्सरला पैसे देऊन जाहिरात करायची झाली तरी हीच नजर ठेवा. फॉलोअर्सचा आकडा ऐकून दर मान्य करू नका. त्याच्याकडे इनसाइट्सचे स्क्रीनशॉट मागा, कोणत्या शहरांतले लोक आहेत ते बघा, मागच्या दहा पोस्टखालच्या कॉमेंट स्वतः वाचा. माणसं बोलतायत की नुसत्या ज्वाळा आणि बदाम पडलेत? दाखवायला तयार नसेल तर नमस्कार करून निघा. आणि पैसे दिलेली पोस्ट असेल तर तसं लिहायला लावा. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेचे तसे नियम २०२१ पासून आहेत.

पान तुमचं नाही, यादी तुमची आहे

२९ जून २०२० आठवतोय? सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींचे तिथे लाखो फॉलोअर्स होते. रात्रीत सगळं गेलं. कोणाची चूक नव्हती, पण जागा भाड्याची होती. काहींनी दुसरीकडे जाऊन पुन्हा उभं केलं. जे उभे राहिले ते त्या लोकांच्या जोरावर, जे त्यांना शोधत शोधत मागून आले. बाकीचा आकडा तिथेच राहिला.

तुमचं खातं उद्या हॅक झालं, किंवा काही कारणाने बंद पडलं, तर तुमच्या हातात काय उरेल? फॉलोअर्सचे फोन नंबर तुमच्याकडे नाहीत. म्हणून बोलणारं गिऱ्हाईक हळूहळू तिथून आपल्या वहीत आणा. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट यासाठी मला फार आवडते. तिच्यात एक गंमत आहे. एका यादीत २५६ जण बसतात, आणि मेसेज फक्त त्यालाच जातो ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. लोक याला अडचण म्हणतात. मी म्हणतो, यापेक्षा प्रामाणिक मोजमाप नाही. ज्या बाईने तुमचं नाव "सुनीता मसालेवाली" म्हणून सेव्ह केलं, ती तुमची. विकत घेतलेल्या हजारांपैकी एकही जण हे करणार नाही. मात्र त्या यादीवर रोज सकाळी सुप्रभात आणि फुलं पाठवू नका. आठवड्यातून एकदा, कामाचं असेल तेव्हाच. नाहीतर जसं सेव्ह केलं तसं ब्लॉकही करतात.

आता काम. एक दोनशे पानी वही घ्या, फोनमधलं ॲप नको. पुढचे तीस दिवस रोज रात्री चार रकाने भरा: आज किती जणांनी काही विचारलं, त्यातल्या किती जणांना त्याच दिवशी उत्तर दिलं, किती जणांनी घेतलं, आणि घेणाऱ्यांत जुनं गिऱ्हाईक किती. फॉलोअर्सचा रकाना करू नका. महिना झाला की चौथा रकाना आधी बघा. तो रिकामा असेल तर दोष रीलमध्ये नाही, मालात, भावात किंवा पोचवण्यात कुठेतरी आहे. जुन्या गिऱ्हाइकांपैकी पाच जणांना फोन करून सरळ विचारा, परत का नाही घेतलं? ऐकायला जड जातं, पण कोणी ना कोणी खरं सांगतं. पहिला रकाना भरलेला आणि तिसरा रिकामा असेल तर तुमची उत्तरं तपासा, ती उशिरा जातायत का, तुटक आहेत का. आणि पहिलाच रिकामा असेल, तरच पोस्ट कशा टाकायच्या याच्याबद्दल बोलू.

पुढच्या शनिवारच्या व्हिडिओत व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग कसा लावायचा ते दाखवतोय, फोटो, वजन आणि किमतीसकट. त्याच्या आधी तुमच्या मागच्या दहा पोस्ट उघडा आणि किती पोस्टवर किंमत लिहिलीय ते मोजून ठेवा.